सही ठोकण्याची विद्या

२०२१ साली गिटहबने 'कोपायलट' नामक कृत्रिम बुद्धिमत्तेचा सहायक प्रोग्रामरांच्या दिमतीस दिला, तेव्हापासून आज्ञावली लिहिण्याच्या कष्टसाध्य विद्येची वासलात लागली, असे जे सांगितले जाते ते सर्वस्वी खरे नाही. लिहिणे तेवढे सुटले, वाचणे मात्र मानगुटीस बसले. पूर्वी ज्याला वीस ओळी सुचता सुचता दुपार होई, त्याच्यापुढे आता क्षणार्धात दोनशे ओळींचा मसुदा अव्वल कारकुनाच्या अदबीने सादर होतो, आणि मामलेदाराप्रमाणे त्याने फक्त सही ठोकायची असते. या अदबीतच खरी मेख आहे. कारण हा कारकून अस्तित्वातच नसलेल्या पॅकेजचे, म्हणजे तयार आज्ञावलीच्या गठ्ठ्याचे, नावही इतक्या निःशंकपणे नमूद करतो, की त्याची खातरजमा करण्याची गरज कोणास भासत नाही. भामटे मात्र नेमके तेच नाव हेरून, त्याच नावाचे विषारी पॅकेज सार्वजनिक भांडारात दाखल करून स्वस्थ वाट पाहू शकतात. चाचण्या लिहावयास सांगाव्यात, तर स्वतःच्याच चुकीस अनुकूल अशा चाचण्या रचून तो पुष्कळदा स्वतःस उत्तीर्ण करून घेतो. आमच्या काही विद्यापीठांना हे तंत्र अपरिचित वाटू नये. मसुदा न वाचताच पुढे जाण्याच्या या प्रकारास संगणकशास्त्रज्ञ आंद्रे कार्पाथी यांनी २०२५ च्या फेब्रुवारीत 'व्हाइब कोडिंग' हे नाव दिले, ते टाकाऊ, फावल्या वेळच्या प्रकल्पांना उद्देशून. उत्साही मंडळींनी नाव उचलले आणि मर्यादा तेवढी वगळली. तेव्हा नेमणूक करणाऱ्यांस विनंती एवढीच, की उमेदवारापुढे कोरा कागद न ठेवता यंत्राने लिहिलेली, दिसावयास निर्दोष अशी शंभर ओळींची आज्ञावली ठेवावी, आणि तीतील दोष काढावयास सांगावे.