मसाला जरा जास्तच झाला

‘माझ्या नवऱ्याची बायको’ ही मालिका २०१६ साली सुरू झाली तेव्हा प्रश्न सरळ होता: नागपूरची राधिका नवरा गुरुनाथचं शनायाशी असलेलं लफडं किती दिवस खपवून घेणार? बाई खमकी निघाली, टीआरपी वधारला आणि तिथेच घात झाला. मग राधिकाने मसाले विकता विकता ३०० कोटींची कंपनी उभी केली. शनाया साकारणारी अभिनेत्री बदलली, पुन्हा पहिली परतली. राधिकाचं सौमित्रशी लग्नही लागलं. गुरुनाथ तेवढा सुधारेना. बिचाऱ्याचाही नाइलाज, तो सुधारता तर मालिका संपली असती! अखेर २०२१च्या मार्चमध्ये ती संपली. राधिकाने काडीमोड केव्हाच घेतला होता. प्रेक्षकांना मात्र त्यासाठी साडेचार वर्षं थांबावं लागलं.