बरोबर कोण आहे?

मराठी माणूस दवाखान्यात एकटा जातो, बँकेत एकटा जातो, निवडणुकीला तर एकटाच उभा राहून अनामत जप्त करून घेतो. पण विनोदी नाटकाला तो एकटा दिसला, की याच्या घरी काहीतरी बिनसलंय अशी सगळ्यांची खात्री पटते. गंभीर नाटकाचं तसं नाही. तिथे कपाळाला आठ्या घालून एकट्याने बसलेल्याला लोक रसिक म्हणतात. विनोदी नाटकात तसाच बसला तर विचारतात, ‘वहिनी बऱ्या आहेत ना?’

हौसेने एकटे जाणारे मुळात थोडेच. बाकीच्यांना तिकीट ओढून नेतं. रविवारची दोन तिकिटं गुरुवारीच काढून ठेवलेली असतात आणि शनिवारी रात्री मुलाला ताप भरतो. बायको घरी थांबते, नवऱ्याला म्हणते, ‘तुम्ही तरी जाऊन या, पैसे कशाला फुकट घालवायचे?’ या वाक्यात प्रेम किती आणि हिशेब किती, हे लग्नाला वीस वर्षं झाली तरी कळत नाही. विकलेलं तिकीट परत घेतलं जात नाही, हा नाट्यसृष्टीतला एकमेव नियम ज्याला अपवाद नाही. शिवाय २०१८पासून पाचशे रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटावर जीएसटी नाही. सरकारने एवढं सोडलंय, तर आपण संध्याकाळ सोडायला काय हरकत आहे, असं म्हणत गृहस्थ निघतात. पुण्यात बालगंधर्वला, दादरला शिवाजी मंदिरला, ठाण्यात गडकरीला.

दारात दुसरं तिकीट खपवायचा प्रयोग होतो. तो विनामूल्य असूनही बघायला कोणी थांबत नाही. ‘दोन आहेत का?’ ‘एक आहे.’ समोरचा असा चेहरा करतो, की जणू गृहस्थांनी एकच चप्पल विकायला काढलीय. ऑनलाइन बुकिंगमध्ये तर काही ठिकाणी मधे एक खुर्ची सुटी राहील अशी निवड करूच देत नाहीत. एकट्या माणसाची संगणकानेसुद्धा एवढी धास्ती घेतलीय.

हेच लोक रंगमंचावर एकटा माणूस दिसला, की मात्र टाळ्यांनी छप्पर उडवतात. पु. लं.नी ‘बटाट्याची चाळ’ एकट्याने उभी केली आणि तिकीटबारीवर रांगा लागल्या. लक्ष्मण देशपांड्यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये बावन्न पात्रं एकट्याने रंगवली. नवरदेव तेच, वऱ्हाडी तेच. नाव गिनीज बुकात गेलं. आज संदीप पाठक तेच वऱ्हाड एकट्याने लंडनला नेतात. यांतल्या कोणालाही ‘एकटेच आलात?’ असं विचारल्याचं ऐकिवात नाही. बावन्न जणांची कामं करणाऱ्या एका माणसाचं कौतुक, आणि फक्त स्वतःचंच काम करणाऱ्या एका माणसाची कीव! आपल्याकडे एकटेपणाला मान हवा असेल, तर आधी मेकअप करावा लागतो.

अर्थात, हसण्याच्या बाबतीत एकट्याची अडचण खरी आहे. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकी शास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांना आपल्या हसण्याच्या नोंदी ठेवायला लावल्या होत्या. टीव्ही, पुस्तकं वगैरे वगळली, तर माणूस एकटा असताना हसतो त्याच्या तीसपट चारचौघांत हसतो, असं त्यातून निघालं. धंद्याला हे शास्त्राच्या कितीतरी आधी कळलं होतं. सम्राट नीरो गायला उभा राहायचा तेव्हा टाळ्यांसाठी पाच हजारांवर तरुण नेमलेले असत. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या नाट्यगृहांत भाडोत्री प्रेक्षकांची टोळीच असे. तिच्यात रडणारे वेगळे आणि हसणारे वेगळे, म्हणजे श्रमविभागणीही चोख. पुढे १९५०च्या दशकात चार्ल्स डग्लस या ध्वनितंत्रज्ञाने साठवलेलं हसू हवं तेव्हा सोडणारं यंत्रच बनवलं आणि अमेरिकी टीव्हीने माणसांचं भाडं वाचवलं.

मराठी निर्मात्याला यातलं काही परवडत नाही. त्याची भिस्त आत्यावर. सहकुटुंब आलेल्या दहा जणांत एक आत्या अशी असतेच, की तिसरी घंटा होताच हसायला लागते. तिच्या मागच्या दोन रांगा आपोआप पेटतात.

एकट्याला आत्या नसते. पहिला विनोद येतो तेव्हा तो आधी डावीकडे बघतो, मग उजवीकडे, आणि मंजुरी मिळेपर्यंत दुसरा विनोद येऊन गेलेला असतो. मध्यंतरात तर त्याचे हालच. जोडप्यातला एक बटाटेवड्याच्या रांगेत उभा राहतो, दुसरा स्वच्छतागृहाच्या. एकट्याला दोन्हींतलं एक निवडावं लागतं. विचार करण्यात पाच मिनिटं जातात आणि वडे संपतात.

परत येऊन बघावं तर शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर, म्हणजे खुद्द आपल्याच पैशाच्या खुर्चीवर, कोणाची तरी पर्स, शाल आणि खाकऱ्याचा डबा. दुसऱ्या अंकाला सामान हलतं आणि तिथे बाल्कनीतून उतरलेला त्यांचाच एक भाचा बसतो. हे नाटक बघायची त्याची ही तिसरी वेळ. मराठी विनोदी नाटकं अशा भाच्यांवरच हजारी गाठतात. ‘मोरूची मावशी’ नाटकातली मावशी म्हणजे बाप्या, हे ठाऊक नसलेला माणूस महाराष्ट्रात शोधून सापडणार नाही, तरी अत्र्यांच्या त्या मावशीने पिढ्यान् पिढ्या थिएटरं भरली. भाचा गृहस्थांना कोपर मारून सांगतो, ‘आता बघा हं, आता दार उघडेल.’ दार उघडतं. सगळे हसतात. गृहस्थही हसतात, कारण आता शेजारी कोणीतरी आहे आणि तिकिटाचे पैसे मागायचे राहून गेलेत.

घरी ताप उतरलेला असतो. ‘कसं होतं?’ ‘ठीक होतं. भाचा चांगला होता.’ कोण भाचा, हे बायको विचारत नाही. ती पुढच्या रविवारची चार तिकिटं काढते. त्या रविवारी गृहस्थ मधल्या खुर्चीवर ऐसपैस बसतात, सासूबाईंना कोपर मारतात आणि म्हणतात, ‘आता बघा हं, आता दार उघडेल.’