पीएफ नंबर नसलेली माणसं

धान निघालं, हातचं काम सरलं की चंद्रपूर-गडचिरोलीतून माणसं तेलंगणात मिरची तोडायला जातात. त्यात बाया जास्त. मार्च 2020 मध्ये देश बंद झाला तेव्हा असे हजारो मजूर खम्मम-वरंगलकडच्या शेतांत होते. गाड्या बंद, पोलीस रस्त्यावर, गाठीला तोडणीचे थोडे पैसे. माणसं पायी निघाली. त्याच पट्ट्यातून छत्तीसगडच्या बिजापूरकडे चालत निघालेली बारा वर्षांची मुलगी गाव जवळ आलं असताना वाटेत मेली. बारा वर्षांची मिरची मजूर. हे वाक्य लिहून पुढे जाता येत नाही, पण जावं लागतं, कारण सरकारने कामगारांसाठी काय केलं ते सांगायचं आहे.

26 मार्चला केंद्राने गरीब कल्याण पॅकेज जाहीर केलं. कामगाराची नोकरी टिकावी म्हणून त्यात एक तरतूद होती. शंभरपर्यंत कामगार असलेल्या आस्थापनेत 90 टक्के लोकांचा पगार 15 हजारांच्या आत असेल, तर मालकाचे 12 टक्के आणि कामगाराचे 12 टक्के असा दोघांचाही पीएफ सरकार भरणार. आधी तीन महिने, मग आणखी तीन.

आता हिशोब करू. बारा हजार पगाराच्या माणसामागे सरकारने भरले 2,880 रुपये. मालकाचे 1,440 वाचले, कामगाराचे 1,440 कापले गेले नाहीत. पण मूळ बारा हजार कोण देणार? गिरणी बंद, माल पडून, उधारी अडकलेली. पगाराच्या चौथाईलाही न पोचणारी मदत देऊन नोकरी टिकत नसते.

आणि ही मदत तरी कोणाला? पीएफचा कायदा मुळात वीस कामगारांपासून लागू होतो. म्हणजे वीसच्या खाली कायदा नाही आणि शंभरच्या वर योजना नाही. देसाईगंजच्या एखाद्या भातगिरणीत पंधरा माणसं असतील तर ती बाहेर. सिमेंट कारखान्यातल्या वा कोळसा खाणीतल्या ठेकेदाराकडे दीडशे माणसं असतील तर तीही बाहेर. मोहर्लीचा जिप्सीवाला, त्याचा ड्रायव्हर, ताडोबाचा गाइड यांचा तर प्रश्नच नाही. पर्यटक आला तर फेरीचे पैसे. गेट बंद झालं की घर बंद. गाइडला पगार देणारा मालक कागदावर नाही, म्हणून त्याची नोकरी गेल्याचीही नोंद नाही.

29 मार्चला गृह मंत्रालयाने आदेश काढला की कोणाचाही पगार कापू नका. दोन दिवसांनी राज्यानेही काढला, कंत्राटी आणि रोजंदारीवालेही त्यात धरले. आदेश न्यायाचा होता. पण त्यासोबत एक रुपया नव्हता. लहान मालक कोर्टात गेले आणि 18 मेपासून केंद्राने आदेशच मागे घेतला. कामगाराला पगार नाही, मालकाला आधार नाही, मधल्या पन्नास दिवसांचं भांडण मात्र दोघांच्या गळ्यात. मी इथे लहान मालकाचीही बाजू घेतो. दारं सरकारने बंद केली होती, बिल त्याच्या नावावर फाडणं चूकच होतं.

ब्रिटनने त्या वर्षी घरी बसवलेल्या कामगाराच्या पगाराचे 80 टक्के, महिन्याला अडीच हजार पौंडांपर्यंत, सरकारी तिजोरीतून दिले. जर्मनीत तर अशी व्यवस्था कितीतरी आधीपासून आहे. आपल्याला ते परवडत नाही, आपल्याकडे पगाराची नोंद नाही, असं उत्तर येतं. निदान आमच्या दोन जिल्ह्यांपुरतं ते खोटं आहे.

नोंद होती. तिचं नाव जॉबकार्ड. 2006 च्या फेब्रुवारीत रोजगार हमी देशात सुरू झाली तेव्हा पहिल्या दोनशे जिल्ह्यांत चंद्रपूर आणि गडचिरोली दोन्ही होते. महाराष्ट्र तर हे 1972 च्या दुष्काळापासून करत आला. 2005 च्या कायद्याच्या सातव्या कलमात लिहिलं होतं की काम मागितल्यावर पंधरा दिवसांत मिळालं नाही तर बेकारी भत्ता द्यायचा. पहिले तीस दिवस किमान चौथाई मजुरी, पुढे किमान निम्मी. काम सरकारनेच बंद केलं असेल तर पूर्ण मजुरी द्यायला काय अडचण होती? महाराष्ट्राचा दर 1 एप्रिल 2020 पासून 206 वरून 238 रुपये झाला, आणि त्याच दिवशी कामं बंद होती. 20 एप्रिलपर्यंत परवानगीच नव्हती. वाढलेला दर वाचायला मिळाला, हातात आला नाही. जनधन खात्यावर बाईला महिन्याला 500 रुपये आले, तेही तीनच महिने. म्हणजे महिन्याकाठी दोन दिवसांची मजुरी.

राज्याने खावटी पुन्हा सुरू केली, हे चांगलं झालं. आदिवासी कुटुंबाला 4,000 रुपये: दोन हजार खात्यात, दोन हजारांचं सामान. पण खावटी हा पावसाळ्याचा आधार. हातात काम नसतं, घरातलं धान्य सरतं, तेव्हाची ती सोय. निर्णय झाला ऑगस्ट 2020 मध्ये, पावसाळा अर्धा सरल्यावर, आणि वाटप चाललं पुढच्या वर्षात. उपाशी माणसाच्या मदतीला इतका वेळ लागणं मला मान्य नाही.

नोव्हेंबर 2020 मध्ये केंद्राची आत्मनिर्भर भारत रोजगार योजना आली. नवा माणूस घ्या, दोन वर्षं पीएफ आम्ही भरतो. पुन्हा तेच दार.

इथला सगळ्यांत मोठा हंगाम तर कोणत्याच कारखान्यात नसतो. मोहफूल मार्च-एप्रिलमध्ये गळतं, तेंदूपत्ता मे महिन्यात तोडला जातो. सत्तर पानांचं पुडकं, हजार पुडक्यांची गोणी. पहाटे जंगल, दुपारी पुडके बांधणं, संध्याकाळी फळीवर मोजणी. कुटुंबाचा वर्षाचा कपडालत्ता, बियाणं, पोरांची शाळा यावर चालते. गडचिरोलीतल्या कित्येक ग्रामसभा हा व्यवहार आता स्वतः करतात. मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला 2012 मध्ये. पाचगाव बांबू तोडतं, विकतं, मजुरी वाटतं, हिशोब ठेवतं. म्हणजे हजेरीपट आहे, बँकखातं आहे, कोण काम करतं हे गावाला तोंडपाठ आहे. मजुराला ओळखणारी याहून खात्रीची संस्था मला माहीत नाही. पण पगार वाचवण्याच्या योजना ठरल्या तेव्हा ग्रामसभेला मालक म्हणून कोणी मोजलं नाही. तिला कायद्याने दिलेलं जंगल आहे, माणसं आहेत, फक्त पीएफचा कोड नाही.

माझी मागणी सरळ आहे. सरकारच्या आदेशाने काम थांबलं, मग कारण साथ असो, पूर असो वा आणखी काही, तर जॉबकार्डावरच्या प्रत्येक कुटुंबाला थांबलेल्या दिवसांची पूर्ण मजुरी पंधरा दिवसांत मिळावी. वनहक्क मिळालेल्या ग्रामसभेला आस्थापना मानून तिच्या हजेरीपटावरच्या मजुरांना तीच मदत द्यावी, गाइड आणि जिप्सीचालकांना व्याघ्र प्रकल्पाच्या नोंदीवरून द्यावी. आंतरराज्य स्थलांतरित मजुरांचा 1979 चा कायदा सांगत होता तशी परराज्यात माणसं नेणाऱ्या ठेकेदाराकडून यादी घ्यावी, आणि ती तहसीलमध्ये धूळ खात न ठेवता ग्रामपंचायतीतही लावावी. हिवाळी अधिवेशन नागपुरात भरतं, आमच्यापासून तीन-चार तासांवर. दोन्ही जिल्ह्यांच्या आमदारांनी तिथे हा प्रश्न लावावा आणि त्याचं उत्तर कामगार खात्यावर न सोडता रोजगार हमी खात्याकडून मागावं.