डायनिंग टेबलावरचा मारुत

प्लास्टिकची शीट कापायची नसते. सुरीने तिच्यावर एक हलकी रेघ ओढायची, त्याच रेघेतून आणखी एकदा सुरी फिरवायची आणि मग शीट दोन्ही हातांत धरून जरा वाकवायची. ‘टक्’ असा आवाज होतो आणि ती बरोबर त्या रेघेवर तुटते. आरपार कापत बसणारा नवखा समजावा. माझ्या सासूबाई माणसांवर हेच तंत्र वापरतात. त्यांची रेघही हलकीच असते, फक्त ‘टक्’ आपल्या आत होतं.

विमानाचं मॉडेल करायचं तर बाजारात किट मिळतात, हे मला ठाऊक आहे. दर आठवड्याला कोणीतरी ते मला नव्याने सांगतं. पण किट मिळतं स्पिटफायरचं. खरी स्पिटफायर वीस हजारांवर बनली, आणि जगातल्या कपाटांत बसलेली प्लास्टिकची त्याहून किती जास्त असतील याचा विचारही करवत नाही. मला हवा होता आपला भारतीय बनावटीचा लढाऊ मारुत, एचएफ-२४, तोही १:२४ मापात, म्हणजे नाकापासून शेपटीपर्यंत ६६ सेंटिमीटर. तेवढा मोठा मारुत मला कुठल्याच दुकानात दिसला नाही. राहिला मार्ग एकच : कोरी पांढरी पॉलिस्टायरीनची शीट आणायची आणि तिच्यातून विमान काढायचं.

शीट आणायला गेले तेव्हा दुकानदाराने विचारलं, “ताई, नंबरप्लेट करायची का?” मी म्हटलं, विमान. त्याने अतिशय सभ्यपणे मान हलवली आणि पुढचं गिऱ्हाईक घेतलं. मग मी चिकटवायला क्लोरोफॉर्म मागितला आणि दोन्ही गिऱ्हाइकं माझ्याकडे वळली. आता, ॲक्रिलिकची कामं करणारे सर्रास क्लोरोफॉर्मनेच जोड देतात. त्यात दोन्ही कडा विरघळतात, एकमेकींत मिसळतात आणि तो उडून गेला की जोड वेगळा दिसतही नाही. पण मराठी माणसाचं क्लोरोफॉर्मचं ज्ञान हिंदी सिनेमातल्या रुमालापाशी थांबतं. त्याच संध्याकाळी मी औषधाच्या दुकानात १८ नंबरच्या इंजेक्शनच्या सुया मागितल्या. मारुतला ३० मिलिमीटरच्या चार एडन तोफा असतात. १:२४ मापात त्या तोफेचं तोंड सव्वा मिलिमीटरचं होतं, आणि सुईची जाडी बरोबर तेवढीच. हे सगळं मी दुकानदाराला समजावून सांगितलं. त्याने नवऱ्याला फोन केला.

नकाशे मिळाले ते १:७२ चे. ते तिप्पट करायचे, एवढंच. झेरॉक्सवाल्याने केलेही. पण मुळात अर्ध्या मिलिमीटरची रेघ आता दीड मिलिमीटरची झाली होती, आणि या मापात दीड मिलिमीटर म्हणजे खऱ्या विमानावर साडेतीन सेंटिमीटर. विमान रेघेच्या आत धरायचं की बाहेर? मी वरळीला गेले. नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात खरा मारुत उभा आहे. पिशवीतून टेप काढला तसा सुरक्षारक्षक आला. “मॅडम, काय करताय?” “माप घेतेय.” तो थोडा वेळ विमानाकडे पाहत राहिला, थोडा वेळ माझ्याकडे. मग म्हणाला, “एकट्याने नाही जमणार,” आणि टेपाचं दुसरं टोक धरलं. या छंदात विनाअट मदत करणारा तो पहिला माणूस.

मारुतची खरी गंमत त्याच्या कंबरेत आहे. ध्वनीच्या वेगाजवळ गेलं की हवेचा विरोध एकदम वाढतो. तो आवरायचा तर पंख जिथे जोडले जातात तिथे धड बारीक करावं लागतं, हे अमेरिकेत रिचर्ड व्हिटकॉम्बने दाखवलं होतं. हे मी घरात मोठ्या उत्साहाने सांगितल्यावर नवरा स्वतःकडे एकवार पाहून म्हणाला, “म्हणजे आपल्याला ध्वनीची काळजी नको.”

शीटला मात्र ही कंबर मान्य नव्हती. आत एक मिलिमीटर जाडीचे आडवे काप उभे करायचे, मधून कणा घालायचा आणि वरून अर्ध्या मिलिमीटरची कातडी चढवायची, अशी रीत. पण सपाट शीट एका वेळी एकाच दिशेला वळते. गोल फिरवली तर आत दबायला तयार नाही, आत दाबली तर गोलाईचा राग. शेवटी तिच्या अरुंद पट्ट्या काढून एकेक बसवत गेले आणि वरून सुतार भरतात ती लांबी भरली. मग वॉटर पेपरने घासणं. पुन्हा लांबी, पुन्हा घासणं. डायनिंग टेबलाच्या उरलेल्या अर्ध्यावर आमटी वाढताना सासूबाई आधी ताटात फुंकर मारू लागल्या.

कॉकपिटवरची पारदर्शक काच ही घराच्या आरोग्याशी निगडित बाब निघाली. लाकडाचा साचा घासून तयार होता. त्यावर काजूकतलीच्या डब्याचं स्वच्छ झाकण गरम करून एका दमात दाबायचं होतं. शेगडीवर पापडाची जाळी ठेवून झाकण मऊ करायचं. क्षणभर कमी तापलं तर वळत नाही, क्षणभर जास्त तापलं तर सुरकुततं. प्रत्येक झाकणामागे अर्धा किलो काजूकतली होती आणि ती संपवणं ही जबाबदारी नवऱ्याने विनातक्रार उचलली. काच नितळ उतरली त्या दिवशी घरात आनंद फक्त मला झाला.

मापाचं गणित वर वर जाचक वाटतं, पण फार विनोदी असतं. माझी अर्धा मिलिमीटरची शीट १:२४ मध्ये बारा मिलिमीटर जाडीची होते. म्हणजे चाकांचे दरवाजे मी रणगाड्याचे बनवत होते. कडा कानशीने घासून कागदासारख्या पातळ केल्या. रिव्हेटच्या रांगा पाडायला शिवणाच्या डब्यातलं ट्रेसिंग व्हील घेतलं, ब्लाउजच्या कापडावर खुणा करतात तेच दातेरी चाक. शेजारच्या वहिनी डोकावल्या. “अगबाई, विमानाला अस्तर लावताय?”

आणि मग तो प्रश्न. वॉचमनपासून नणंदेपर्यंत प्रत्येकजण विचारतो : “उडतं का?”

उडत नाही म्हटलं की चेहरा असा पडतो, जणू मी सहा माणसांचा स्वयंपाक करून तो फक्त बघायला ठेवलाय. त्यांना मी बंगलोरची हकीकत ऐकवते. फॉक-वुल्फ १९० चा कर्ता, जर्मन अभियंता कुर्ट टँक १९५६ मध्ये मारुत घडवायला तिथे आला. त्यानेही आधी काय केलं? लाकडाचा मारुत. पूर्ण आकाराचा, आत इंजिन नाही. १९५९ मध्ये डकोटा विमानाच्या मागे दोर बांधून तो वर नेला आणि सोडला, आणि तो झकास तरंगला. खरा मारुत १७ जून १९६१ ला सुरंजन दास यांनी उडवला. पुढे असे १४७ बनले, १९७१ च्या युद्धात राजस्थानच्या बाजूला लढलेही. अडलं ते इंजिनाशी. ज्या दमदार ऑर्फियस इंजिनावर भिस्त होती ते ब्रिटिशांनी अर्धवट सोडलं, त्यावर पैसा घालायची आपली तयारी नव्हती. मग चिमुकल्या नॅट विमानात एक बसतं त्या जातीची दोन इंजिनं घालून काम भागवलं. इजिप्तच्या इंजिनाचीही चाचपणी झाली. ध्वनीच्या दुप्पट वेगासाठी शिवलेली ती कंबर तशीच राहिली. तेव्हा माझ्या मारुतमध्ये इंजिन नाही, हा दोष नसून इतिहासाशी इमान आहे.

ही बाजू ऐकून जाऊबाई म्हणाल्या, “ते असू दे. पुढच्या महिन्यात आमच्या सोनूचं लग्न आहे. रुखवतात ठेवूया का?”

ठेवलं. एका बाजूला सुपारीचे भटजी, दुसऱ्या बाजूला मण्यांचं तोरण, समोर पायलीभर लाडू आणि मधे चार तोफांसकट मारुत. नवरदेव सीए आहे. प्रत्येक वस्तूपुढे दोन ओळींची चिठ्ठी होती, तशी याच्यापुढेही हवी असा आग्रह झाला. मी लिहून दिली :

कंबर बारीक, पंख मागे, नाकाची ऐट भारी,
मारुत आमचा सज्ज उभा, इंजिनाची तेवढी उधारी.

मुलाकडचे एक काका चष्मा लावून ती चिठ्ठी वाचत बराच वेळ उभे होते. मग जाऊबाईंना बाजूला घेऊन त्यांनी हळूच विचारलं, “उधारी म्हणताय, पण गाडी नक्की कुठल्या कंपनीची?”