चौदा दिवसांचा मुक्काम

लंडनमध्ये घरभाडं झेपत नाही म्हणून काही जण कालव्यातल्या चिंचोळ्या बोटीवर बारमाही संसार थाटतात. बोट बांधायला कायमची जागा नसेल, तर साधारण 14 दिवसांनी मुक्काम हलवायचा, असा नियम.

आम्हा कोलकात्याच्या सॉल्ट लेककरांना असली यातायात नको. इथली खारी दलदल 1962पासून हुगळीचा गाळ पाइपांतून आणून बुजवली. कंत्राट युगोस्लाव्हियाच्या कंपनीचं, स्वप्न मुख्यमंत्री बिधानचंद्र रॉय यांचं. तळं गेलं, नाव राहिलं. पत्ता सांगतानाही ‘चार नंबर टाकीजवळ’ म्हणायचं, म्हणजे पाणी उरलं ते असं खांबांवर!

कडेनं केष्टोपूरचा कालवा वाहतो. वाहतो म्हणणं हा आपला शिष्टाचार. त्यात बोट घालायची तर आधी जलपर्णी बाजूला सारा, मग नाक मुठीत धरा.

बोटीची हौस मात्र श्रावणात घरबसल्या फिटते. परवा स्कूटरच्या पायरीपर्यंत पाणी चढलं होतं. समोरच्या बौदी, म्हणजे वहिनी, गॅलरीतून विचारत होत्या, “दादा, ही डावी चप्पल तुमचीच ना?”

मुक्काम हलवायचा नियम आमच्याकडं तेवढी तीच पाळते.