अपडेटभाऊ

कामरेज चार रस्त्यावर कुठल्याही ट्रॅव्हल्सवाल्याला विचारा, गाडी कुठवर आली? "टोलनाक्यावर आहे," हे उत्तर ठरलेलं. अपडेटभाऊ त्याच कुळातला. फरक एवढाच, की याची गाडी तीन वर्षं टोलनाक्यावर होती.

मूळचा खानदेशातला, राहायला डिंडोलीत, नोकरी कामरेजच्या एका लहानशा इंटरनेट कंपनीत. सोसायट्यांमधून वायरी नेणाऱ्या अशा कंपन्या हायवेलगत बऱ्याच, आणि जवळजवळ प्रत्येकीत एक अपडेटभाऊ असतोच. काम म्हणाल तर कारकुनी. कंपनीचे आयपी पत्ते ज्या वहीत नोंदले आहेत, ती वही बदलायची. आशिया-पॅसिफिक भागाचे पत्ते वाटणारी संस्था म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनची एपनिक. भारताची स्वतःची नोंदवही आयआरआयएनएन, ती दिल्लीची निक्सी चालवते. शेठला फी भरताना ऑस्ट्रेलियन डॉलर खुपायला लागले, दिल्लीत रुपये चालतात असं कळलं, आणि हुकूम सुटला: खातं इकडे आणा. पत्ते तरी किती? एक हजार चोवीस, सगळे १०३ने सुरू होणारे. १५ एप्रिल २०११ला एपनिकची मुख्य कोठी रिकामी झाली, तेव्हापासून नव्याने येणाऱ्याला शेवटच्या कणगीतले एवढेच मोजून मिळू लागले.

तर या एक हजार चोवीस पत्त्यांवर अपडेटभाऊनं तीन वर्षं काढली. हे कुणालाही जमणार नाही.

रोज सकाळी ग्रुपवर आधी तापीवरचा सूर्योदय येतो, मग गणपती, मग 'प्रोजेक्ट स्टेटस'. सोबत एक्सेलची शीट. झालं ते हिरवं, राहिलं ते लाल, हे कुणालाही कळेल. पण भाऊच्या शीटमध्ये पिस्ता रंग आहे. पिस्ता म्हणजे झालंय, पण झालं असं म्हणता येत नाही. आबोली म्हणजे आपल्याकडून झालंय, समोरून यायचंय. शीट बहुतांशी आबोली असते. साठ टक्के, सत्तर, ऐंशी असा भाऊ पहिल्या दोन महिन्यांत झपाझप चढला. नव्वदीला पोचला तसा दशांशात शिरला. शेवटी ९२.४वर मुक्काम पडला. मध्ये एकदा ९१.८ झालं होतं, तेव्हा "फेरतपासणीत अचूकता वाढली" असा खुलासा आला. शेठनं त्याचं अभिनंदन केलं.

तारीख विचारली तर भाऊ कॅलेंडरकडे नाही, पंचांगाकडे बघतो. डिसेंबरात कमुरतां लागतात, त्यात नवं काम सुरू करणं शेठलाच पटत नाही. मग उत्तरायण, त्यात सगळं सुरत गच्चीवर. पुढे आखाजी, तेव्हा भाऊ गावी. पावसाळ्यात उकाईचे दरवाजे उघडले की त्याला २००६चा पूर आठवतो, आणि पूर आठवल्यावर कुणी तारीख विचारत नाही. चंदनी पडव्याला तो घारीचा डबा घेऊन येतो आणि म्हणतो, "दिवाळीपर्यंत नक्की." कोणती, हे घारी तोंडात असल्यामुळे विचारायचं राहून जातं.

प्रत्येकाला वेगळं उत्तर. शेठनं "केटलुं थयुं?" विचारलं की "थई जशे शेठ, फाइनल स्टेज!" गिऱ्हाईक ओरडलं, की मॅच अडकतेय, तर "काका, ट्रान्सफर सुरू आहे ना." वास्तविक नोंद ब्रिस्बेनच्या वहीत असो की दिल्लीच्या, सोसायटीतल्या वायरीला त्याचा पत्ताही नसतो. पण काका समाधानानं परततात. आपल्या अडकलेल्या मॅचमागे आंतरराष्ट्रीय कारण आहे, हे ऐकून बरं वाटतं.

त्याची बाजूही ऐकून घ्यायला हवी. असली बदली जगात मोठ्या प्रमाणावर झालेली आहे. इंटरनेटच्या बाळपणी जगभरच्या नोंदी अमेरिकेत होत. युरोप, आशियाच्या संस्था मागाहून निघाल्या, १९९७मध्ये अमेरिकेची एरिन आली, आणि जुन्या नोंदी तिच्या पदरात राहिल्या. मग या शतकाच्या सुरुवातीला त्या ज्याच्या त्याच्या प्रदेशात पाठवायचं ठरलं. गठ्ठ्यामागून गठ्ठा. धारकांना आधी कळवायचं, मग हलवायचं. कळवायचं कुणाला? कुणाची कंपनी बुडालेली, कुणाचं विद्यापीठातलं खातं कधीच बंद. पत्त्यांचा मालक पत्त्यावर नाही! कामरेजलाही तेच. नोंदीत नाव आहे जुन्या भागीदाराचं. तो अमरेलीला गेला. नोंद बदलायची तर त्याच्या ईमेलवर गेलेल्या पत्राला होकार हवा, ते ईमेल जुन्या कंपनीच्या डोमेन-नावावर, आणि ते नाव चालू ठेवायची फी कुणी भरलीच नाही. तीन वर्षांपैकी खरं काम एवढंच: अमरेलीला फोन.

आणि या धंद्यात यश आलं तरी दिसत नाही. रस्ता झाला तर फीत कापता येते. इथे सगळं नीट पार पडलं, तर काल चालू होतं ते आज चालू, एवढंच. चूक झाली तरच जगाला कळतं. असल्या कामाचा माणूस रंग नाही भरणार तर काय करणार?

गेल्या महिन्यात काम झालं. खरंच झालं. भागीदार लग्नाला सुरतेला आला, भाऊनं त्याला मांडवात गाठून सह्या घेतल्या, कागद दिल्लीला गेले, नोंद आली. भाऊनं शीट हिरवीगार करून टाकली. ग्रुपवर कुणीच काही बोललं नाही. दुपारी शेठनं विचारलं, "तो हवे शुं काम करशो?"

दोन दिवस भाऊ उदास. तापीचा सूर्योदयही आला नाही. तिसऱ्या दिवशी आला, खाली लिहिलेलं: 'टप्पा दुसरा, आयपीव्ही ६'. यातल्या एकूण पत्त्यांची संख्या एकोणचाळीस आकडी आहे. भाऊची आबोली परतली आहे. दोन टक्के झाले म्हणतो.