वन्सं, पोट आणि मिश्री

ठरलं ओ वहिनी, वन्संचं वजनाचं ऑपरेशन ठरलं. हो, थोरल्या वन्संचंच, इचलकरंजीच्या. पण जरा हळू बोला, आमच्या सासूबाई मागच्या दारात पावटा सोलत बसल्यात आणि त्यांच्या कानावर अजून काही घातलेलं नाही. त्यांना हर्निया म्हणून सांगायचं ठरलंय.

काय म्हणालात? चरबी ओढून काढतात? छे ओ! ते लायपोसक्शन वेगळं. ते अंगाला आकार यावा म्हणून करतात, त्यानं शुगर उतरत नाही की घोरणं थांबत नाही. ह्यात चरबीला हातसुद्धा लावत नाहीत. जठरात आणि आतड्यात फेरफार करतात, तोही पोटाला बारीक भोकं पाडून, दुर्बिणीतून. मी गेले होते की सर्जनकडं त्यांच्याबरोबर. वन्संना एकटं सोडलं की त्या डॉक्टरला निम्मंच सांगतात.

वजन 98 किलो, उंची पाच फूट. बीएमआय 42 निघाला. शुगर तर धाकट्याच्या बारशापासून मागं लागलेली. पित्त असं, की रात्री दोन उशा घेऊन झोपायचं, नाहीतर आंबट पाणी घशाशी येतंय. गुडघ्यांचं विचारूच नका. झेडपीच्या शाळेत खुर्चीवर बसून शिकवतात बिचाऱ्या, आणि संध्याकाळी घरी आल्या की आधी दुखण्याची गोळी, मग चहा.

आता गंमत ऐका. ऑपरेशन करायचं एवढं ठरलं आणि मग घराघरातनं सल्ले सुरू झाले, कोणतं करायचं त्याचे. धाकट्या जाऊबाई स्लीव्हच्या बाजूनं, कारण त्यांच्या माहेरी कुणीतरी स्लीव्ह केली आणि आता ती बाई पंजाबी ड्रेस घालून फिरते. आमचे हे बायपासच्या बाजूनं. का, तर मॅराडोनानं 2005 साली कोलंबियात जाऊन तेच केलं होतं! पेठेतला फुटबॉल बघत वाढलेला माणूस, ह्यापेक्षा मोठा पुरावा कुठला लागतो? मी म्हटलं, मॅराडोनाच्या बाकीच्या सवयी पण बघा की जरा. आणि वन्संचे यजमान म्हणतात, गडकरींनी 2011 मध्ये केलं, जेटलींनी 2014 मध्ये अर्थमंत्री असताना केलं, मग चांगलंच असणार. कोणतं का असेना.

बँडचं? आता ते कोण करतंय वहिनी! माझ्या पुण्याच्या मावसबहिणीनं केलं होतं, ते निघालं तेव्हा. जठराच्या वरच्या बाजूला सिलिकॉनचं कडं बसवायचं, कातडीखाली एक छोटी डबी, आणि सुईनं त्यात सलाइन घालून कडं आवळायचं नाहीतर सैल करायचं. काही कापत नाहीत, वाटलं तर काढता येतं, म्हणून लोक भुलले. पण ते कडं सरकतं, कधी जठरात रुततं, आणि वजन तर मनासारखं उतरतच नाही. तिचं शेवटी काढावंच लागलं. तिच्यासारख्या कितीतरी जणींचं काढलंय. फुग्याचंही तसंच. तोंडावाटे फुगा सोडून पोटात फुगवतात, बहुतेक सहा महिन्यांनी काढतात. फुगा गेला की भूक परत दारात.

म्हणजे राहिली मुख्य दोन. आमची लेक मिरजेला मेडिकलला आहे ना, तिनं कागदावर चित्रं काढून दाखवली. स्लीव्हमध्ये जठर उभं कापतात आणि जवळजवळ तीन चतुर्थांश, कधी त्याहून थोडा जास्त भाग बाहेर काढून टाकतात. उरते ती केळ्याएवढी नळी. आतड्याला हात लावत नाहीत. नुसतं पोट लहान झालं म्हणून माणूस कमी खातो असं मला वाटायचं, पण लेक म्हणाली, जो भाग काढतात तिथंच भूक लावणारं घ्रेलिन नावाचं हार्मोन जास्त तयार होतं. म्हणून पहिले बरेच महिने भूकच मरते. पण काढलेलं जठर परत लावता येत नाही, हे ध्यानात ठेवायचं.

बायपासमध्ये काही काढत नाहीत, पण रस्ता बदलतात. जठराचा अगदी वरचा, तीसेक मिलीचा तुकडा वेगळा करतात, आणि लहान आतडं खालून वर आणून थेट त्याला जोडतात. उरलेलं जठर आणि आतड्याची सुरुवात आतच राहते, पाचक रस तयार करत. फक्त अन्न तिकडनं जात नाही. दोन जोड असतात त्यात. एकाच जोडाचं मिनी बायपासही आहे, 1997 मध्ये अमेरिकेत एका सर्जननं सुरू केलेलं, आणि आपल्याकडं ते बरंच करतात. त्याला वेळ कमी लागतो. पण त्यात पित्तरस उलटा वर यायची भीती थोडी जास्त, आणि वन्संचं आधीच घशाशी येतंय. म्हणून सर्जननी ते बाजूलाच ठेवलं.

हे कुणाच्या डोक्यात आलं म्हणता? मीही हेच विचारलं लेकीला. तर म्हणे अमेरिकेत आयोवाला मेसन नावाचे सर्जन होते. अल्सरसाठी ज्या बायकांचं जठर अर्धं काढलेलं असायचं, त्यांचं वजन नंतर वाढतच नाही हे त्यांनी बघितलं. 1966 मध्ये त्यांनी वजनासाठी म्हणून पहिलं बायपास केलं. म्हणजे आमच्या लग्नाच्या कितीतरी आधीची गोष्ट, आणि इथं लोक म्हणतात, नवीन फॅड आलंय.

बरं, ह्या दोन्हीत चांगलं कोणतं, असं जो तो विचारतो. ‘चांगलं’ विचारूनच लोक फसतात वहिनी. किलो उतरायच्या बाबतीत दोन्ही जवळपास सारखीच, बायपास थोडं पुढं. फिनलंडमध्ये 240 जणांना चिठ्ठ्या टाकावं तसं वाटून दिलं होतं, निम्म्यांना स्लीव्ह, निम्म्यांना बायपास, आणि दहा वर्षांनी 2022 मध्ये निकाल छापला. किलोंचा फरक फार मोठा नव्हता. पण अन्ननलिका आंबट पाण्यानं सुजलेली सापडली स्लीव्हवाल्यांत 31 टक्के, आणि बायपासवाल्यांत 7. आता बोला! दोन उशांवर झोपणाऱ्या बाईला स्लीव्ह सुचवणारी माझी जाऊ, तिला तो ड्रेस दिसतोय, वन्संच्या उशा दिसत नाहीत.

शुगरचं म्हणाल तर तीच तऱ्हा. बायपासनंतर वजन उतरायच्या आधीच, काही दिवसांतच साखर खाली येते म्हणे. क्लीव्हलंडला 150 जणांवर अभ्यास झाला. पाच वर्षांनी साखरेची ती तीन महिन्यांची तपासणी 6 च्या आत किती जणांची राहिली? बायपासवाले 29 टक्के, स्लीव्हवाले 23, आणि नुसत्या औषधावरचे 5. लेक हे वाचून दाखवत होती तेव्हा वन्संचे यजमान म्हणाले, म्हणजे शंभरातल्या सत्तर जणांची साखर राहिलीच की! राहिली, पण गोळ्या आणि इन्सुलिन कितीतरी कमी झालं, तेही बघायला नको का? फक्त शुगर जुनी असेल आणि इन्सुलिनवर माणूस असेल तर पूर्ण सुटायची आशा कमी. सर्जननी वन्संना हे तोंडावर सांगितलं. मला तो माणूस तिथंच आवडला.

मग लगेच बायपास का नाही ठरलं म्हणता? अहो, दुखण्याच्या गोळ्या! बायपास झालं की जिथं आतडं जोडलंय तिथं जखम व्हायची भीती असते, आणि ह्या गोळ्यांनी ती हमखास चिघळते. म्हणजे गुडघ्यासाठी जी गोळी रोज चहाआधी, ती आयुष्यभर बंद. पॅरासिटामॉल चालेल, बाकी नाही. वन्संचा चेहरा असा पडला! एका बाजूला पित्त म्हणतंय बायपास कर, दुसऱ्या बाजूला गुडघे म्हणताहेत करू नको.

आणि तेवढ्यात डॉक्टरनी विचारलं, तंबाखू? वन्सं म्हणाल्या, छे! मी छताकडं बघत बसले. मग राहवेना, म्हटलं, डॉक्टर, मिश्री. वहिनी, वन्संनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, की ह्या दिवाळीला भाऊबीज घ्यायला येतील का नाही शंकाच आहे. त्या म्हणतात, मिश्री म्हणजे काय तंबाखू? दात घासायचं ते! दिवसातनं चार वेळा कोण दात घासतं? आणि मॅट्रिकच्या वर्षापासून ओढणीच्या गाठीत डबी बांधून फिरलेली बाई ही. डॉक्टर शांतपणे म्हणाले, ताई, हिरडीतनं निकोटीन रक्तात जातंच, आणि जोडाच्या जखमेला दुखण्याच्या गोळीपेक्षा ते काही कमी नाही. मिश्री बंद, तरच मी हात लावणार.

गोळ्या तर दोन्ही ऑपरेशनांत जन्मभर. बी-12, लोह, कॅल्शियम, डी जीवनसत्त्व. बायपासला जास्त काटेकोर, कारण आतड्याचा जो भाग लोह आणि कॅल्शियम मुख्यतः शोषून घेतो तोच वगळला जातो. मला खरी काळजी ह्याचीच आहे. जी बाई चतुर्थीला बीपीची गोळी ‘उपवास आहे’ म्हणून घेत नाही, ती रोज पाच गोळ्या घेणार? मी सर्जनना म्हटलं, मग स्लीव्हच बरी, गोळ्या चुकल्या तरी चालेल. ते म्हणाले, कुणी सांगितलं चालेल म्हणून? स्लीव्हनंतर उलट्या होत राहिल्या आणि जीवनसत्त्व बी-1 कमी पडलं, तर नसांना दुखापत होते. म्हणजे सुटका कुठंच नाही.

आधी स्लीव्ह करून बघू, नाही जमलं तर बायपास, असं म्हणता? काहींचं करतात तसं. पण दुसऱ्यांदा पोटात शिरायचं म्हणजे चिकटलेलं सोडवत शिरायचं, धोका वाढतो. पित्तानं जी स्लीव्ह पुढं बायपासमध्ये बदलावी लागणार हे आज दिसतंय, ती मुळात करायचीच कशाला?

वजन उतरवायच्या इंजेक्शनचंही विचारलं की वन्संनी. मुंजारो, 2025 च्या मार्चपासून मिळतंय इथं. शाळेतल्या एका बाईंनी घेतलंय म्हणे. डॉक्टर म्हणाले, चांगलं औषध आहे, पण बंद केलं की वजन बहुतेकांचं परत चढतं, आणि 42 बीएमआयला आणि ह्या शुगरला ऑपरेशनचा गुण जास्त दिसतो. वर इंजेक्शनचा खर्च दर महिन्याला, आणि पगार तोच.

विमा देतो ओ, पण अटी आहेत. बीएमआय 40 च्या वर हवा, किंवा 35 च्या वर आणि बरोबर आटोक्यात न येणारा मधुमेह, हृदयाचं दुखणं, झोपेत श्वास अडकणं असलं काहीतरी. गंमत म्हणजे ह्या सर्जनांच्या जगभरच्या संघटनांनी 2022 मध्ये सांगितलंय, आशियाई माणसाला 27.5 पासूनच ऑपरेशन सुचवायला हरकत नाही, कारण आपली चरबी पोटातच साचते. विमा कंपन्या मात्र जुन्याच आकड्याला चिकटून बसल्यात. वन्सं 42 मुळं सुटल्या. वजन जास्त आहे म्हणून फायदा झाला असं आयुष्यात पहिल्यांदाच घडलं, हे त्यांचंच वाक्य.

तर शेवटी बायपास. ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे नुसतं पातळ आणि कमी कॅलरीचं, म्हणजे लिव्हर आकसतं आणि दुर्बिणीला जागा मिळते. नंतर पुन्हा पातळ, मग मऊ, मग कुस्करलेलं. जेवताना पाणी नाही, घास तीस वेळा चावायचा, आणि प्रथिनं आधी. पांढरा रस्सा चालेल का, असं ह्यांनी मध्येच विचारलं! डॉक्टर म्हणाले, नारळ-खसखस आणि तूप वगळून जो उरेल तो चालेल. हे म्हणाले, मग त्याला रस्सा का म्हणायचं?

आणि श्रीखंड! बायपासनंतर साखरेचं एकदम खाल्लं की ते धाडकन आतड्यात उतरतं. घाम फुटतो, छाती धडधडते, चक्कर येते, पोटात मुरडा. पाडव्याला कुणी ‘अगं, एक वाटी घे’ म्हणून आग्रह केला की त्या वाटीचं उत्तर तिथल्या तिथं मिळणार. माझ्या मते वन्संना बायपासचा हाच मोठा आधार आहे. त्यांना नको म्हणता येत नाही. आता पोटच म्हणेल.

केस गळतील काही महिने, परत येतील. पित्ताशयात खडे होऊ नयेत म्हणून सुरुवातीला गोळी देतात. कातडी लोंबेल. साडीत झाकेल.

तारीख अजून दिलेली नाही ओ. आधी मिश्री सुटायला हवी, आणि डॉक्टर लघवी तपासून बघणार आहेत, निकोटीनचा अंश सापडतो त्यात. वन्संनी काल मला न सांगता मिरजेला लेकीला फोन केला. म्हणे, काय गं, ते लघवीत किती दिवस राहतं? पोरीनं सांगितलं, आत्या, सहा महिने. खरं तर काही दिवसांतच निघून जातं. आता तुम्हाला विचारलं ना, तर तुम्हीपण सहा महिनेच सांगा.